सिग्नलवर हुडहुडी भरणारी गाडी

मे महिन्यातली दुपार, पारा ४४ च्या पुढे, नागपूरच्या व्हरायटी चौकातला लाल सिग्नल. एसी चालू, गाडी न्यूट्रलला, आणि स्टिअरिंग असं थरथरत होतं की डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती मान डोलवतोय असं वाटावं. बाजूला बसलेले काका म्हणाले, "काऊन रे, गाडीले हुडहुडी भरून राहिली का? अशा तपनात?" सिग्नल सुटला, दुसरा-तिसरा गिअर पडला आणि गाडी एकदम गुळगुळीत पळायला लागली. लोहापुलाजवळ थांबलो, पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये याला सरसकट 'मिसिंग' म्हणतात. गाडी मिसिंग मारते (एखादा सिलिंडर पेटायचा चुकतो), स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, बसते, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) पकडत नाही, ही तीन वेगळी गाऱ्हाणी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. औषध मात्र बहुतेक ठिकाणी एकच: आधी ठिणगी पाडणारे प्लग बदलू, मग त्यांना वीज देणारी कॉईल बदलू, मग बघू. त्या उन्हाळ्यात माझे पाच-साडेपाच हजार असेच गेले. दुखणं शेवटी निघालं सव्वाशे रुपयांच्या रबरी नळीत. तेव्हापासून काहीही विकत आणायच्या आधी मी गाडीची नीट चौकशी करतो. दहा नंबरचा पाना, प्लग पाना, एक टॉर्च आणि सकाळचे दोन तास, एवढ्यावर यातली बरीचशी चौकशी घरच्या अंगणात होते.

उभी असतानाच का?

शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलची शर्यत असायची. सायकल जोरात असली की हँडल सोडलं तरी चालतं. हळू चालवताना मात्र जरासा तोल गेला तरी पाय टेकतो. इंजिनाचंही तसंच आहे. धावत्या इंजिनाचं चाक, म्हणजे फ्लायव्हील, स्वतःच्या वेगाने लहानसहान चुका गिळून टाकतं. स्लोवर तेवढा वेग नसतो, म्हणून प्रत्येक चूक बाहेर दिसते.

थोडा हिशोब करू. पेट्रोल गाडीचं इंजिन गरम झाल्यावर साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर उभं राहतं. ८०० धरा. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला १,६०० स्फोट, सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. इतक्या भरभर येणारे सारखे धक्के आपल्याला धक्के म्हणून कळत नाहीत, नुसती गुणगुण जाणवते. त्यातला एक सिलिंडर पेटेनासा झाला की सेकंदाला सहा-सात वेळा 'खड्डा' पडतो, आणि तो मात्र थेट बुडाखाली कळतो. तीन सिलिंडरच्या गाडीत एक गेला म्हणजे तिसरा हिस्साच गेला. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं. ते दुखणं नाही, स्वभाव आहे. नवी गाडी घेतली तेव्हा ती किती थरथरत होती ते आठवून बघा.

आता हवेचं बघा. पाय पेडलवर नसतो तेव्हा इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र खाली हवा ओढतच असतात. त्यामुळे झडपेच्या पलीकडे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. तिथे कुठे नळी चिरलेली असेल, गास्केट सुटलेलं असेल, तर हवा आपणहून आत घुसते. स्लोवर इंजिनाला एकूण हवाच लोटाभर लागते, त्यात ही वाटीभर चोरीची आली की सगळं गणित बिघडतं. गाडी पळायला लागली की हवा बादलीने येते. तिथे वाटीभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भागाला १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला त्याहून बरीच कमी, साधारण ९ भाग. म्हणून पंपावरच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी गाडीचा कॉम्प्युटर इंधन थोडं जास्त सोडतो, आणि त्याला ते जमतंही. पण आधीच एखाद्या फटीतून हवा येत असेल तर भरपाई करण्याची त्याची मर्यादा लवकर संपते.

चौकशीतला पहिला प्रश्न इथूनच निघतो. थरथर स्लोवर आहे आणि रेस दिल्यावर जाते, तर संशय हवेच्या गळतीवर, थ्रॉटलच्या काजळीवर किंवा फाउंडेशनवर, म्हणजे इंजिनाखालच्या रबरावर. उलट स्लोवर थोडी, पण उड्डाणपूल चढताना झटके मारते, पिकअप मरतो, तर संशय प्लग, कॉईल किंवा पेट्रोलच्या पुरवठ्यावर. इंजिनावर भार आला की आत दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त ताकद लागते. अशक्त कॉईल नेमकी तिथेच उघडी पडते. हा भेद कोणी मला आधी सांगितला असता तर त्या कॉईलचे पैसे वाचले असते.

केव्हा, केव्हा, केव्हा

दोन दिवस काही न उघडता फक्त लक्ष ठेवा आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मेकॅनिककडे जायची वेळ आली तरी हेच टिपण सगळ्यात उपयोगी पडतं.

थंड असताना थरथरते की गरम झाल्यावर? सकाळी पहिल्या सेल्फला आरपीएम बाराशे-पंधराशेवर जाऊन मिनिटा-दोन मिनिटांत खाली येणं ठीकच आहे. डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा पहिलं अर्धं मिनिट कुरकुर होते; इथेनॉल थंडीत सहज वाफ होत नाही, त्याचाही यात वाटा असतो. पण गाडी पूर्ण गरम झाल्यावरही काळा धूर, पेट्रोलचा वास आणि लडखडणं असेल, तर तापमानाचा सेन्सर इंजिन अजून थंडच आहे अशी खोटी खबर देत असू शकतो.

एसी लावल्यावरच होतं का? कॉम्प्रेसर पकडतो तेव्हा एक हलका झटका बसणारच. पुढच्याच क्षणी कॉम्प्युटरने थोडी हवा वाढवून आरपीएम सावरायला हवं. काटा सहाशेखाली पडतो, गाडी थरथरते आणि मग सावरते, असं होत असेल तर थ्रॉटल बॉडी काजळीने माखलेली असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे उन्हाळ्यात एसी, रेडिएटरचा पंखा आणि तापलेली हवा हे तिन्ही भार एकाच वेळी इंजिनावर येतात. म्हणून जानेवारीत दडलेलं दुखणं मेमध्ये वर येतं.

पेट्रोल भरून निघाल्या-निघाल्याच लडखडते? मग पर्ज व्हॉल्व्हकडे बघा. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारी ती छोटी झडप आहे; ती उघडीच अडकली की टाकी भरल्यावर वाफेचा लोंढा आत येतो. सीएनजी किट असेल तर आणखी सोपी परीक्षा आहे: पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर खराब, तर दुखणं किटमध्ये किंवा प्लगमध्ये, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते. दोन्हीवर सारखीच खराब, तर इंजिन बघावं लागेल.

आणि बॅटरी नुकतीच बदलली का? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. आपल्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात. जुनी काढली की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर स्लोसाठी झडप किती उघडायची हे शिकलेलं विसरतो. गाडी दिवस-दोन दिवस वेड्यासारखी वागते आणि मग आपोआप सुधारते. या दोन दिवसांत गॅरेज गाठलं की नको ते बदललं जातं.

पावसानंतर सुरू झालं असेल तर कॉईलच्या कनेक्टरमध्ये ओल बघा. २०२३ च्या सप्टेंबरात इथला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या; अशा पाण्यातून निघालेल्या गाडीच्या कनेक्टरवरचा हिरवा गंज पुढे कित्येक महिन्यांनी त्रास देऊ शकतो. गाडी बरेच दिवस उभीच होती? मग उंदीर. हसू नका, वायरिंग कुरतडलेलं सापडतं.

बोनट उघडताना

काम पहाटे करा, इंजिन रात्रभर गार झालेलं असतं. गाडी मोकळ्यावर लावा, बंद पोर्चमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. दुपट्टा, लोंबती बाही, गळ्यातली साखळी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. आणि इंजिन चालू असताना कॉईल उपटून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात.

माझी पद्धत अशी: आधी डोळे, मग कान, मग पाना. एअर फिल्टर काढून बघा. सिमेंट रस्त्यांची कामं जिथे चालू असतात तिथे रोज जाणारी गाडी असेल तर त्यात ओंजळभर धूळ निघते. फिल्टर झटकून परत लावताना त्याच्या डब्याची क्लिप नीट बसली का बघा. अर्धवट बसलेला डबाही थरथर लावतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर गरम पाण्याने साफ करून घट्ट आवळा.

मग नळ्या. मॅनिफोल्डला जाणाऱ्या सगळ्या रबरी नळ्या बोटांनी चाचपा, विशेषतः जिथे त्या वळतात आणि जिथे क्लिप आहे तिथे. नागपूरच्या उन्हात बोनटखाली रबर कडक होतं, आणि चीर पडते ती नेहमी खालच्या बाजूला, वरून दिसत नाही अशी. चांगली नळी दाबली तर दबते आणि परत फुगते. मेलेली नळी दाबली तर कागदासारखी कुरकुरते.

कान लावायला कूलरच्या पाइपचा हातभर तुकडा घ्या. एक टोक कानाशी, दुसरं चालू इंजिनावर नळ्यांच्या सांध्यांजवळून फिरवा, पट्टा आणि पंख्यापासून दूर ठेवून. गळती असेल तिथे 'स्सss' असा बारीक आवाज एकदम कानात येतो. माझ्या गाडीत तो मागच्या बाजूला, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ (फायरवॉल) आला. इंजिनातला तेलकट धूर परत आत ओढून घेणारी पीसीव्हीची नळी होती. तिच्या कोपराला, बरोब्बर क्लिपच्या खाली, अर्ध्या बोटाएवढी चीर. बोटाने दाबून धरली आणि काटा, जो सहाशे-हजार, सहाशे-हजार असा झोके घेत होता, तो गपकन साडेसातशेवर बसला. बोट काढलं, परत झोका. मी ते चार वेळा करून बघितलं, पाचव्यांदा काकांना बोलावून दाखवलं. "म्हंजे एवढ्याशासाठी प्लगबी बदलले अन् कॉईलबी?" हा प्रश्न त्यांनी का विचारायचा होता, ते मला अजून कळलेलं नाही.

सांध्यावर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघायची पद्धतही आहे. मी ती घरी करू नका म्हणेन. फवारा पेट घेणारा असतो आणि शेजारीच तापलेला सायलेन्सरचा मॅनिफोल्ड असतो. साबणाचं पाणी बाटलीने शिंपडा. फटीवर पडलं की ते आत ओढलं जातं आणि आवाज क्षणभर बदलतो. तेवढं पुरतं. विजेच्या कनेक्टरवर मात्र शिंपडू नका.

एक बारकावा राहिला. काही गाड्या आत येणारी हवा थेट मोजतात, तर कितीतरी छोट्या गाड्या फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात. दाब मोजणाऱ्या गाडीत चोरीची हवाही हिशोबात धरली जाते, त्यामुळे तिथे गळतीने थरथर होण्याऐवजी बऱ्याचदा आरपीएम उगाच चढलेला राहतो. स्लो बाराशेवर आणि खाली येतच नाही, तर तिथेही नळ्याच आधी बघायच्या.

प्लग वाचणं

नळ्या ठीक निघाल्या तर प्लग. इंजिन गारच हवं. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड हल्ली ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे निघून येतात. कॉईल काढल्यावर प्लगच्या विहिरीत आधी हवा मारा किंवा फुंका, नाहीतर धूळ सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. चारही सारखे दिसतात का, हे एकेका प्लगच्या रंगापेक्षा महत्त्वाचं.

टोक फिकट तपकिरी, चहाच्या डागासारखं, तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं, तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल आत येतंय; रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, आपल्या अंगणातलं काम नव्हे. पांढरंफटक म्हणजे हवा जास्त, परत नळ्यांकडे. विहिरीतच तेल साचलेलं असेल तर वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय, आणि ते तेल कॉईलच्या रबरात शिरून ठिणगी भलतीकडे पळवतं.

ठिणगी जिथे पडते ती प्लगच्या टोकाची गॅप साधारण ०.८ ते १.१ मिलीमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. परत लावताना आधी फक्त बोटांनी फिरवा. बोटांनी सहज जात नसेल तर वाकडा बसतोय, काढा. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा वळसा. तोच जुना परत लावत असाल तर जेमतेम घड्याळातल्या पाच मिनिटांइतका.

कॉईलचा संशय असेल तर नवी आणण्याआधी अदलाबदल करा. इंजिन बंद, दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. मिसिंग कॉईलबरोबर गेलं तर कॉईल दोषी. जागचं हललं नाही तर ती निर्दोष. हे कळायला स्कॅनर लागतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ स्कॅनर हजाराच्या आत मिळतो आणि साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांशी बोलतो. तो बिघाडाचे कोड दाखवतो: पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०० म्हणजे ठराविक एकाचं नाही, पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

पण माझ्या मते त्या स्कॅनरची खरी किंमत कोडमध्ये नाही, फ्युएल ट्रिममध्ये आहे. पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडावं लागतंय, तो आकडा. दहाच्या आत असेल तर ठीक. हवा मोजणाऱ्या गाडीत स्लोवर अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमवर पाच, तर हवेची गळती, तोच लोटा-बादलीचा हिशोब. स्लोवर ठीक आणि रेस दिली की वाढत जातो, तर पेट्रोल पोचत नाही: फिल्टर किंवा पंप.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला असेल तर वेळ आहे. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि कन्व्हर्टरच्या किमतीत प्लगच्या कितीतरी जोड्या येतात.

थ्रॉटल बॉडी साफ करायची तर हवेचा पाइप काढा, चावी गाडीबाहेर ठेवा, थ्रॉटल बॉडीचा क्लीनर फडक्यावर घेऊन झडपेची कड पुसा. तारेने नव्हे तर मोटरने उघडणारी झडप असेल तर ती बोटाने ढकलू नका, आतले दाते तुटतात. साफ केल्यावर स्लो चढलेला वाटेल. एसी, दिवे सगळं बंद ठेवून इंजिन दहा मिनिटं चालू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं. काही गाड्यांना तरीही स्कॅनरने रिसेट लागतो. प्रत्येक सर्व्हिसिंगला हे करायची गरज नसते, बिलात मात्र ते नेमाने असतं.

डिझेलवाल्यांची माफी मागतो. तिथे प्लगची ठिणगी नाही आणि इंजेक्टरच्या नळीत प्रचंड दाब असतो. फिल्टरमधलं पाणी काढण्यापलीकडे घरी हात घालू नये. जुन्या कार्बोरेटरच्या स्कूटरचं दुखणं बहुतेक वेळा स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रातल्या, म्हणजे पायलट जेटमधल्या, कचऱ्याचं. साफ करा, स्लोचा स्क्रू पिळून दडपू नका.

आणि एवढं करून काटा स्थिर, आवाज एकसारखा, तरीही सीट थरथरते? मग इंजिन निरोगी आहे, त्याच्याखालचं रबर मेलंय. गॅरेजवाले त्याला फाउंडेशन म्हणतात. थोडी रेस दिली की थरथर विरते, आणि रिव्हर्स टाकून क्लच सोडताना खालून 'ठक' येतो. ते बदलताना इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो, म्हणून ते गॅरेजचंच काम. एकच सिलिंडर सगळं बदलूनही मेलेलाच राहिला, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायलाही तिथेच जा, आणि काय-काय तपासून झालंय ते टिपण दाखवा.

माझी नळी बदलून आता दोन उन्हाळे झाले. काटा साडेसातशेवरून हलत नाही. रिव्हर्स टाकला की मात्र हल्ली खालून एक 'ठक' येतो. काका म्हणतात, "आता हे काय नवीन होऊन राहिलं?" मी म्हणतो, दिवाळीनंतर बघू.